आज जाळं नाही

पुसातल्या एका बुधवारी तो म्हणाला,
"आज जाळं नाही न्याचं. आज नुसतं फिराचं."
मी हसले. डोंगा काय फिरायला असतो?

पण त्यानं बसायला कोरडं पोतं अंथरलं होतं,
आणि डोक्यावर ती निळी टोपी,
साहेबाच्या बोटीवर मिळालेली,
पुढं सोनेरी नांगर, त्याचं अर्धं सूत उसवलेलं.

सात महिने होता तो त्या बोटीवर, भांडी घासायला.
नारळाची बेटं, काचेसारखं पाणी,
फिरणारी माणसं दोनच, बाकीचे पाच त्यांना सांभाळायला.
एका बेटावर चहा, दुसऱ्यावर दुपारची झोप,
रात्री तिसऱ्याच्या आडोशाला मुक्काम.
"अन् काम काय करत ते?"
"पाहात."
"काय पाहात?"
"पानी."

बेटं आमच्याकडेही आहेत.
धरण भरलं त्या साली डोंगऱ्या तेवढ्या वर राहिल्या,
चारोळीची, बिब्याची,
आणि ती बोडकी, जिच्यावर दुपारी गुरं बसायची.
आम्ही बेट म्हणत नाही. डोंगरीच म्हणतो.
चढायला आता पाय लागत नाहीत, एवढंच.

साहेबाच्या बोटीत एक काच होती म्हणे,
खाली किती पाणी ते आकड्यात दाखवायची.
याच्याजवळ बांबू आहे.
बांबू खाली जातो, टेकतो, आणि हा सांगतो,
"शाळा."
थोडं पुढं, "उखरूची सांदवाडी."
मग, "बोडीची पार, डोकं सांभाळ,"
आणि पाण्याबाहेर आलेली बाभळीची वाळकी फांदी
माझ्या पदराला धरते.
एका ठिकाणी बांबू पुरत नाही.
तिथं तो काही बोलत नाही, मीही नाही.
लग्नानंतर पहिली घागर मी तिथंच भरली होती.
पाण्याच्या आत विहीर.
तिच्यातलं पाणी अजून वेगळं असेल का, गोडं?

चारोळीच्या डोंगरीवर त्यानं हात पुढं केला,
"या, मॅडम."
"मॅडम गेली चुलीत," म्हणत मी चिखलात उतरले,
पण हात धरला.
बरणीतला चहा कोमट झाला होता.
बिब्याच्या डोंगरीवर तांदळाची भाकर, जवसाची चटणी,
लाखोरीची घट्ट डाळ.
बदकांचा थवा उठला, कुठल्या थंड देशातला,
गोल फिरून पुन्हा तिथंच बसला.
"हे बी फिरालेच आले," तो म्हणाला,
"यायले कोनी नाही विचारत."

बोडक्या डोंगरीला ठेकेदाराची मोटरबोट बांधलेली.
त्यावरचा पोरगा आमच्या गावचाच, पण ओळख न दाखवता म्हणाला,
"जाळं कुठं आहे?"
"नाही."
"मग कशाले आले?"
"फिराले."
त्यानं पोतं उचलून पाहिलं, डबा उघडला,
टोपी उलटी करून झटकली.
मासा असता तर बरं झालं असतं,
त्याला काहीतरी सापडलं असतं.
शेवटी वही काढली.
"नाव?"
मी आजवर कधी घेतलं नव्हतं त्याचं नाव, तरी सांगितलं,
"अनुसया डोमा वलथरे."
पाण्यावर ते फार मोठ्यानं ऐकू आलं.
"मासे?" शून्य.
"कारण?"
याला सुचेना. टोपीचं सूत ओढत बसला.
मी म्हटलं, "लिही. पानी पाहाले."
पोरानं एकदा माझ्याकडं पाहिलं,
पेन झटकलं,
आणि लिहिलं.

परतताना वारा सुटला.
डोंग्यात पाणी येऊ लागलं, मी बरणीच्या झाकणानं उपसत राहिले,
तो वल्हं मारत राहिला.
मॅडमच्या हातात कुणी झाकण दिलं असतं?
हसू आलं, थांबेना,
त्यात लाट तोंडात गेली.

गुरुवारी जाळं होतं.
पाच किलो तिलापिया, दोन मरळ.
विहिरीपाशी आलो तेव्हा त्यानं बांबू आत घेतला,
डोंगा थोडा बाजूनं काढला,
भरल्या घरात झोपलेल्या माणसाला वळसा घालतात तसा.